हंबीरचे कान

१९५२-५३च्या सुमारास कोल्हापुरातल्या रूपदर्शन स्टुडिओत फोटो काढायला गेलेल्या माणसाला एक विचित्र त्रास सोसावा लागे. फोटो निघाला, माणूस कोट सावरत उठला, की मागच्या खोलीचा पडदा हलायचा आणि कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला एक काटकुळा गृहस्थ चष्मा वर सरकवत बाहेर यायचा. तो अगदी नाकाला नाक लागेल इतका जवळ येऊन चेहरा न्याहाळायचा आणि हनुवटीवरच्या एखाद्या व्रणाकडे बोट दाखवून विचारायचा, "हे कशानं झालं?"

वकील मंडळी भडकत. एका मामलेदारानं तर "तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकश्या?" म्हणून दम भरला होता. पण काहीजण सांगत. एकदा सांगायला लागले की अर्धा अर्धा तास सांगत, कारण अंगावरच्या खुणेबद्दल आपुलकीनं विचारणारा माणूस जन्मात एखादाच भेटतो. सगळं ऐकून झालं की तो विचारायचा, "मग ठेवू का काढू?" पुष्कळजण जरा घुटमळून म्हणत, "असू दे. ठेवा." स्टुडिओचे मालक नृसिंहराव कपाळाला हात लावून हे बघत बसत.

हा रुद्रय्या मठपती. मूळचा गडहिंग्लजचा. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावला की दोन्ही. आपलं काम हीच पूजा, हे त्याला लहानपणापासून घोटून पाजलेलं. ४७ साली तो कोल्हापुरात आला तेव्हा मात्र त्याला कुणाला काही विचारायची सवय नव्हती. उलट त्याला माणसं दिसतच नसत. त्याला दिसत काचा.

त्या काळी फोटो आधी काचेवर उठायचा, तोही उलटा. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. ती काच उतरत्या फळीवर ठेवायची, मागून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीनं आणि पात्यासारख्या पातळ सुरीनं चेहरा नीट करायचा, ही रुद्रय्याची नोकरी. देवीचे वण तो भरून काढी. चामखीळ खरवडी. गालफडं बसलेली असली तर गाल वर आणी. पन्नाशीची बाई त्याच्या फळीवरून उतरली की पस्तिशीची होऊन उतरे, आणि घरी जाऊन भिंतीवर लटके. लोक खूष होते, नृसिंहराव खूष होते. रुद्रय्याला तर हळूहळू असं वाटायला लागलं होतं की ब्रह्मदेवाचं घाईत राहून गेलेलं काम आपण पुरं करतो. तो हे कुणाजवळ बोलत नसे. पण माणसाच्या मानेचा ताठा पाठीमागूनही कळतो.

५१ सालच्या उन्हाळ्यात उचगावच्या बाळाबाई स्टुडिओत आल्या. हिरवं लुगडं, अनवाणी पाय, हातात फडक्याची पुरचुंडी. त्यांचा मुलगा हंबीर पैलवान होता. आदल्या दिवाळीनंतर एक मोठी कुस्ती मारून तो मित्रांबरोबर तसाच मातीच्या अंगानं इथं आला होता आणि त्यानं फोटो काढून घेतला होता. फोटो न्यायला परत यायच्या आतच त्याला विषमज्वर झाला आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. फोटो काढल्याचं आईला ठाऊकच नव्हतं. पाच महिन्यांनी कुणीतरी बोलता बोलता बोललं, आणि बाई उचगावाहून चालत निघाल्या. मुलाचा दुसरा फोटो नव्हता.

नृसिंहरावांनी काच शोधून काढली. हातभर मोठा फोटो करून, काळी चौकट घालून आठ दिवसांनी बाळाबाईंच्या समोर धरला.

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो माझा न्हवं."

"अहो, असं कसं? हंबीर पाटील, उचगाव. काचेवर नाव आहे."

"नाव असंल. मान त्येचीच हाय, छाती त्येचीच हाय. पर ह्येचं कान कुटं गेलं?"

पडद्याआड रुद्रय्याच्या हातातली सुरी थांबली. त्याला आठवलं. पैलवान लोक फोटोला येताना फेटा बांधून येत, त्यामुळे त्यांचे कान त्यानं कधी पाहिलेच नव्हते. हा एकटाच बोडका आलेला. काचेवर त्याचे दोन्ही कान चुरगळून गोळा झाल्यासारखे दिसले होते, आणि रुद्रय्यानं मोठ्या मायेनं, तासभर बसून, जुने कान खरवडून टाकले होते आणि त्या जागी छान, पातळ, शाळामास्तराला शोभतील असे नवे कान काढले होते.

मोडका कान हा कोल्हापुरात पैलवानाचा अलंकार आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चार वर्षं त्या गावात राहून ते न कळलेला माणूस एकच निघाला.

नृसिंहरावांनी सारवासारव केली. नवी चौकट देतो म्हणाले, रंगीत करून देतो म्हणाले. बाई चौकटीकडे बघेनात. शेवटी रुद्रय्या स्वतःच बाहेर आला. गिऱ्हाइकासमोर यायची त्याची ही पहिलीच वेळ.

"अव्वा," त्यानं कानडीत आईला मारतात तशी हाक मारली, "ते मी केलंय. चांगलं दिसावं म्हणून केलं."

बाळाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज चढवला नाही. "चांगलं न्हवतं व्हय त्ये? जल्माची कमाई पुसलीसा माझ्या लेकराची. आता तुमीच परत काडून द्या."

फोटो तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

रुद्रय्यानं काच उजेडात धरली. पेन्सिलीनं काढलेले नवे कान त्यानं पुसले, तर त्याखाली कोरी काच होती. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही. डोळे मिटून त्यानं तो कान आठवून पाहिला. उजव्या भुवईवरची खोक त्याला आठवत होती, वाकडं नाक आठवत होतं. ते त्यानं निरखून, मापून सरळ केलं होतं. कान मात्र त्यानं पाहिलेच नव्हते. चुकलेले आहेत एवढं ठरवलं होतं आणि काढून टाकले होते. ज्याच्यावर तासभर हात चालवला ते आपण एकदाही नीट बघितलं नाही, ही गोष्ट त्याला फार लागली.

दुपारी जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. शांतादेवी भाकरी वाढत होती. तिच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आखडलेली होती. मुलगी रांगत चुलीकडे गेली तेव्हा उकळतं आधण स्वतःच्या हातावर घेतल्याची ती खूण. तिनं तो हात पुढं केला.

"माझा फोटो काढलात तर ह्याचं काय कराल?"

खरं उत्तर त्याला माहीत होतं, आणि तिलाही.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन तो हंबीरच्या तालमीत गेला. वस्ताद आकाराम कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून पोरांवर ओरडत होते. रुद्रय्यानं झालेलं सगळं खरं खरं सांगितलं. पोरं खो खो हसली. वस्ताद हसले नाहीत.

"पावणं," ते म्हणाले, "कान म्हंजे पैलवानाची सनद हाय. धा-बारा वर्सं जोडीदाराच्या डोसक्याला डोसकं घासाया लागतंय, तवा ही सनद गावती. तुमी ती फाडून टाकलीसा. बसा खाली. आनि बगा."

तो बसला. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी बसला. घामाचा आणि लाल मातीत मुरलेल्या ताकातेलाचा वास नाकात भरून घेत त्यानं कागदावर कान काढले. आधी त्याला सगळे सारखेच वाटले, नुसते गोळे. चौथ्या दिवशी फरक दिसायला लागले. कुणाची पाळी शाबूत, वरचाच भाग सुजून दगड झालेला. कुणाच्या कानाचं भोक एवढंसं उरलेलं. एकाचा डावाच मोडलेला, कारण तो नेहमी त्याच बाजूनं डोकं लावी. कान बघून माणसाचा डाव ओळखता येतो, हे त्याला कळलं, आणि त्या दिवशी त्याचा त्यालाच आनंद झाला. आपल्या दुःखातच शिकायला मिळावं, आणि शिकताना आनंद व्हावा, याची त्याला थोडी लाजही वाटली.

पण हे सगळे कान दुसऱ्यांचे होते. हंबीरचा कसा होता? त्याचा एक जोडीदार म्हणाला, उजवा जास्त मोडलेला. दुसरा म्हणाला, छट्, डावा. वस्तादांनी सांगितलं तसा रुद्रय्यानं काढून दाखवला, तर वस्तादच मान हलवून म्हणाले, "न्हाय. ह्यो बी चांगला कान हाय, पर हंबीरचा न्हवं." मग जरा थांबून म्हणाले, "त्येच्या आईला इचारा. कान सुजला की हळदीचा ल्येप तीच लावायची. रडायचा न्हाई बगा, पर आईबिगर कुनाला हात लावू द्यायचा न्हाई."

ज्या बाईसमोर तोंड दाखवायची हिंमत नव्हती तिच्याच दारात जायचं होतं. रुद्रय्या गेला. बाळाबाई चुलीपुढं काठवटीत पीठ मळत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. त्यानं कागदांची चळत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एक एक कागद पाहिला आणि बाजूला सारला.

"अव्वा, कसा होता तेवढं सांगा. मी काढतो."

"तोंडानं कसं सांगू? डोळ्यानं निरखून कुटं बगितलाय म्या त्यो? रातचं दिवा नसायचा. हातानंच ल्येप लावायची." त्यांनी पिठातला हात वर उचलला आणि त्याच्याकडे स्वतःच बघत राहिल्या.

मग त्यांनी पिठाचा एक गोळा तोडला. डोळे मिटले. अंगठा आत दाबला, वरची कड दुमडून खाली आणली, चिमटीनं एक उंचवटा काढला, तो मोडला, पुन्हा काढला. मध्ये एकदा बोटं थांबली, ओठ हलले, आणि पुन्हा चालू झाली. तव्यावरची भाकरी करपली. ती उलटायचं कुणालाच सुचलं नाही. त्यांनी तो उजवा कान काठवटीच्या काठावर ठेवला. मग डावा केला. डावा लहान होता, आणि त्याची पाळी पुढं मुडपलेली होती.

ज्वारीच्या पिठाला वाळताना भेगा पडतात. रुद्रय्यानं घाईघाईनं चारी बाजूंनी ते कान कागदावर काढून घेतले. आयुष्यात त्यानं खूप चांगले चांगले चेहरे घडवले होते, पण करपलेल्या भाकरीच्या वासात बसून काढलेल्या त्या दोन कानांसारखं खरं काही त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

तो कागद गुंडाळत असताना बाळाबाईंनी विचारलं, "आनि काय काय पुसलंसा?"

तो खोटं बोलू शकला असता. "भुवईवरची खोक," तो म्हणाला. "आणि नाक सरळ केलं."

"ती खोक बैलाच्या शिंगाची. सा वर्साचा हुता. नाक कुस्तीतलं." त्यांनी हात धुतले. "समदं आना."

त्याला महिना लागला. नृसिंहराव चिडले, बाकीची कामं तुंबली, एका लग्नाच्या फोटोला उशीर झाला म्हणून वधूपिता दारात येऊन भांडून गेला. रुद्रय्यानं मोठ्या कागदावर नवा फोटो छापून घेतला आणि ब्रशानं, पेन्सिलीनं, एकेक केसभर रेघेनं हंबीरचं नाक वाकडं केलं, भुवई फाडली, कान मोडले. माणूस कुरूप करायला इतकं जिवापाड काम करावं लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. झाल्यावर तो लांब उभा राहून बघायला गेला आणि दचकला. काचेवरचा तो गोरागोमटा पोरगा गेला होता. समोर एक माणूस उभा होता, आणि तो जिंकून आलेला होता.

फोटो फडक्यात बांधून तो चालत उचगावला गेला. बाळाबाईंनी चौकट घेतली, सोप्यातल्या भिंतीशी टेकवून ठेवली आणि समोर जमिनीवर बसल्या. रुद्रय्या उंबऱ्याशी उभा होता. नाही म्हणाल्या तर पुन्हा करायचं, तेही नाही म्हणाल्या तर पुन्हा, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण याच्यापेक्षा खरा हंबीर त्याच्याजवळ नव्हता.

बाईंनी हात लांब करून अंगठा फोटोतल्या उजव्या कानावर ठेवला. मग डाव्यावर. मग हात मांडीवर आला.

"म्हस याली बग हंबीर," त्या म्हणाल्या. "रेडी झाली. कपाळावर पांढरं हाय. म्या म्हनलं हुतं न्हवं, अवंदा रेडीच हुईल म्हनून? आनि तुज्या तालमीतला त्यो बाळासो, त्येचं लगीन ठरलं..."

सहा-सात महिन्यांचं साचलेलं त्या एकेक करून सांगत राहिल्या. रुद्रय्या उंबऱ्यावर खाली बसला आणि त्यानं उपरणं तोंडाला लावलं.