उणे दहा

मुकुंद वानखडेंना 'कसे आहात?' असं विचारायची चूक मी एकदाच केली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ऑफिसातला माझा पहिला दिवस होता. सगळे एकमेकांना 'गुड, गुड' म्हणत कॉफी ओतून घेत होते. हे गृहस्थ म्हणाले, "वजन ब्याऐंशी किलो. झोप पाच तास. सकाळपासून शिंका सात."

"म्हणजे बरे आहात ना?"

"ते तू ठरव ना बे. मी आकडे दिले."

नागपूरचा माणूस, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून सगळ्यांचे मुकुंदभाऊ. आमचा मॅनेजर शिरीष, त्याच्या घरी एकदा पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. त्याच्या बायकोनं हौसेनं विचारलं, "श्रीखंड कसं झालंय, मुकुंदभाऊ?" उत्तर आलं, "अर्धी वाटी खाल्ली. अर्धी राहिली." तेव्हापासून वानखडेवहिनी पॉटलकला नवऱ्याला खेटूनच बसत आणि कुणी तोंड उघडलं की आधीच "छान, छान" म्हणून मोकळ्या होत.

आमची कंपनी कॉम्प्युटरचा डेटा साठवणाऱ्या, डिस्कनी भरलेल्या पेट्या विकायची. पेटीतला तापमानाचा सेन्सर मुकुंदभाऊंच्या ड्रायव्हरशी बोलायचा. ड्रायव्हर म्हणजे मशीनच्या पोटातला प्रोग्रॅम. बाहेरच्या प्रोग्रॅमांनी हार्डवेअरला हात लावायचा नसतो, ड्रायव्हर देईल ते घ्यायचं. मुकुंदभाऊंचा ड्रायव्हर तापमान एका छोट्या फाइलीत ठेवायचा. उघडली की एकच आकडा, पुढे ना 'डिग्री', ना 'ओके'. तो वाचून पडद्यावर हिरवा नाहीतर लाल दिवा दाखवणारा बाहेरचा प्रोग्रॅम माझा. त्या फाइलीचं नाव काय ठेवावं यावर तीन आठवडे मीटिंगा झाल्या. शेवटी एकमतानं ठरलं, 'टेम्प'. अहो, बारशालाही इतका वेळ लागत नाही!

"आपण वाढपी आहो," मुकुंदभाऊ म्हणायचे. "आत शिजलं ते पंगतीत वाढायचं. वरणात पाणी नाही ओतायचं."

पाणी ओतायची वेळ आलीच. नवी पेटी भलतीच तापायची. पंचावन्नला दिवा लाल, आणि पेटी आपली साठवर ठाण मांडून. पंखा बदलायचा तर तीन महिने उशीर. शिरीष मुंबईचा, बोलायला साखर. म्हणाला, "भाऊ, ड्रायव्हरमध्येच दहा वजा करून टाका ना यार. कस्टमरला कशाला टेन्शन?"

"त्यानं पेटी थंडी होईल का?"

"पेटीचं नंतर बघू."

"मग आकड्याचंही नंतरच बघू."

मीटिंगमध्ये सगळे आपापल्या वहीत बघू लागले. मुकुंदभाऊंचं ग्रीन कार्ड पाच वर्षं रांगेत अडकलं होतं, हे प्रत्येकाला ठाऊक. मुलगी अकरावीत. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि गाशा गुंडाळायचा. शिरीष हसत म्हणाला, "भाऊ, तुमच्या पेपर्सवर सही मीच करतो, हं."

"ठाऊक आहे. पाच वेळा केली."

मग शिरीष माझ्याकडे वळला. माझंही कार्ड त्याच रांगेत होतं. मी ताडकन 'नाही' म्हणालो असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी अर्ध्या तासात माझ्या प्रोग्रॅममध्ये 'उणे दहा' घालून दिलं, कोडमध्ये '-10'. शिरीषनं त्याला 'कॅलिब्रेशन' असं भारदस्त नाव दिलं आणि मला सगळ्यांसमोर 'टीम प्लेअर' म्हणून एक पेन दिलं. ते पेन उठायचंसुद्धा नाही. मुकुंदभाऊंनी माझा कोड वाचला आणि म्हणाले, "अक्षरं तीन." बस्स, एवढंच.

दोन महिन्यांनी 'रिऑर्ग' झाला. एवढ्या थोर फेररचनेत जागा कमी झाली ती नेमकी एकच. मुकुंदभाऊंच्या घरी मी सामान बांधायला गेलो, तर मुलगी जिन्यात बसून म्हणत होती, "बट आय डोन्ट नो एनीवन देअर, बाबा." मला वर बघवेना. निघताना मुकुंदभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "खोकी चौतीस. तू उचलली नऊ."

पुढच्या वर्षी माझं ग्रीन कार्ड आलं. आम्ही पेढे वाटले. मग उन्हाळ्यात एका हॉस्पिटलातल्या पेटीच्या दोन डिस्क भाजून निघाल्या. त्यांचा इंजिनिअर फोनवर विचारत होता, "तुमचा पडदा म्हणतो त्रेपन्न, दिवा हिरवा. ही छोटी फाइल म्हणते त्रेसष्ट. खरं कोण बोलतंय?" शिरीषनं म्यूट दाबलं. "सांग, ती फाइल जुनी आहे." मी म्यूट काढून म्हणालो, "फाइल खरी आहे." शौर्य कसलं डोंबलाचं! कार्ड खिशात होतं म्हणून जीभ सुटली. त्याच दिवशी उणे दहा काढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परदेशी फोनची मिनिटं विकत मिळतात ते कॉलिंग कार्ड घेऊन नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. सगळं सांगितलं. कुणीतरी 'शाब्बास' म्हणावं अशी आशा होती, खोटं कशाला बोलू?

"ग्रीन कार्ड येऊन किती झाले?" मुकुंदभाऊंनी विचारलं.

"झाले तीन-चार महिने."

"दिवस विचारले."

"एकशे चौदा."

"अन् ते उणे दहा काढून?"

"एक."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. कॉलिंग कार्डावर अजून अठ्ठावीस मिनिटं शिल्लक होती.