घराच्या नंबरासकट फोटो

अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आमच्या समोर राहणारे काका वर्षातून चारदा थायलंडला जातात. त्यांची बायको तिथली, आजारी आईपाशी राहते. काकांची नोकरी इथली. व्हिसाचे कागद प्रिंट करायला ते आमच्याकडे येतात. "दोनच मिनिटं" म्हणतात आणि दोनदा चहा पितात. मधेच विमानातल्या सूचनेसारखं बजावतात, "री-एन्ट्री परमिट न घेता बाहेर पडलात तर आधीची मुक्कामाची परवानगी कॅन्सल." मला थायलंडला जायचंच नाही, तरी हे पाठ झालंय.

बायकोच्या नात्यावरच्या व्हिसाला दोघांचे घरातले फोटो लागतात. एक सोफ्यावर, एक स्वयंपाकघरात, एक दारावरच्या नंबरापाशी. सगळ्यांत काका इंटरव्ह्यूला आल्यासारखे ताठ.

यंदा मी न राहवून विचारलं, "काका, पन्नाशीनंतरचा व्हिसा सोपा असतो, असं तुम्हीच सांगता. त्याला बायको लागत नाही, फोटो लागत नाहीत. मग तो का नाही घेत?"

काकांनी प्रिंटरमधून ओला फोटो उचलून त्यावर हळूच फुंकर घातली.

"हिला फोटोचा भारी कंटाळा. पण व्हिसाला लागतो म्हटलं, की केस विंचरून शेजारी येऊन उभी राहते."