आठ वाजता उजळणारी खिडकी

साखरझोपे हे काही त्याचं आडनाव नव्हे. हे नाव त्याला मेहुणीने लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं. माणूस गुणी होता. घरांचे नकाशे काढावेत तर त्यानेच. दोन खोल्यांच्या जागेत तिसरी खोली अशी अलगद बसवायचा, की घरमालकाने तोंडात बोट घालावं. फक्त हे सगळं सकाळी दहानंतर. त्याआधी घर पेटलं असतं तरी त्याने कूसच बदलली असती.

पंचाईत होती ती सासऱ्यांची. नकाशांचं ऑफिस त्यांचं. गुडघे कुरकुरायला लागले तसा त्यांचा जिना सुटला, आणि ते समोरच्या इमारतीत आपल्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. ऑफिसची खिडकी तिथून अगदी समोर. काच दुधी आणि जिन्याचं दार मागच्या गल्लीत, त्यामुळे आतलं किंवा येणारं-जाणारं माणूस दिसत नसे. खिडकीशी ठेवलेला कम्प्युटर लावला की काच निळसर उजळे, एवढंच. एकदा जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं, की वर्षभर ही खिडकी सकाळी आठला उजळलेली दिसली तर ऑफिस जावयाच्या नावावर करीन, नाहीतर जागा भाड्याने देऊन टाकीन. साखरझोपेने हातातला घास ताटात ठेवला. त्या खोलीवर त्याचा जीव होता. दुर्दैवाने सकाळच्या झोपेवरही होता.

आठवडाभर त्याने उठून पाहिलं. तिसऱ्याच दिवशी डुलक्या घेत काढलेल्या नकाशात तो एका ग्राहकाच्या स्वयंपाकघराला दारच ठेवायला विसरला. तेव्हा बायको म्हणाली, की बाबांना कम्प्युटर उठलेला हवाय, तू नव्हे. बिचारीने गंमत केली होती. त्याने मनावर घेतलं.

कम्प्युटर सुरू होताना एक कळ दाबली की सेटिंगचं पान उघडतं, आणि त्याने आपोआप कधी सुरू व्हायचं ते तिथे सांगता येतं, हे त्याने शोधून काढलं. वार कोणते, असंही तिथे विचारलं होतं. एकेका वारावर खूण करायचा कंटाळा आला म्हणून त्याने ‘रोज’ निवडून टाकलं. रात्री आठला बंद व्हायची आज्ञाही देऊन ठेवली. स्क्रीनने मध्येच डोळा लावू नये, याचीही तजवीज केली. झोपायचा हक्क त्याने फक्त स्वतःकडे ठेवला.

सासरे बेहद्द खूश झाले. पहिल्या रविवारीही खिडकी उजळली तेव्हा तर त्यांना गहिवरूनच आलं. आता रविवार काढून टाकणं साखरझोपेच्या जिवावर आलं. कौतुक कुणाला नको असतं? सासुरवाडीला तो जायचा ते रात्री जेवायला, खिडकी विझल्यावर. मधे तापाने फणफणून तो अंथरुणात पडला होता आणि खिडकी मात्र रोज उजळत होती, तेव्हा सासऱ्यांनी मुलीला फोन करून बजावलं, की जावईबापूंना जरा झोपू देत जा. एकदाच काय तो बिचारा खरोखर उशिरापर्यंत राबत बसला, तर कम्प्युटरने आठच्या ठोक्याला डोळे मिटले आणि नकाशातला अख्खा जिना घेऊन गेला. जिना पुन्हा काढावा लागला.

वर्ष सरलं. एका रविवारी सकाळीच सासऱ्यांचं बोलावणं आलं. बायकोने त्याला अंथरुणातून ओढून काढलं, आणि तो सुजलेल्या डोळ्यांनी गॅलरीत चहा घेऊन बसला. टेबलावर ऑफिसचे कागद होते. सासऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि समोरची खिडकी उजळली.

सासऱ्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं.

“जावईबापू, तुम्ही इथे आहात ना?”

“आहे, बाबा.”

“मग तिथे कोण आहे?”

बायको कपात बघत राहिली. साखरझोपेला काहीतरी थाप मारायची होती, पण झोप पुरती उतरली नव्हती आणि अर्धवट झोपेत त्याला खोटं सुचत नसे.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “कम्प्युटर आपला आपण उठतो. मी दहाला जातो.”

गेलं ऑफिस, असं त्याला वाटलं, आणि त्याला खरंच रडू यायला लागलं. सासरे उठले. आत सासूबाई स्वयंपाकघरात आहेत याची त्यांनी खात्री करून घेतली, गॅलरीचं दार ओढलं आणि आवाज खाली आणला.

“हे ऑफिस मला माझ्या सासऱ्यांनी दिलं. तेही इथेच बसायचे. मी रात्री घरी निघताना टेबलावरचा दिवा तसाच ठेवायचो. पहाटे उठले की त्यांना दिसायचा.”

त्यांनी सही केली आणि कागद पुढे सरकवला.

“रविवार तेवढा काढून टाका,” ते म्हणाले. “मीही रविवारीच सापडलो होतो.”