रुक्साना मॅडम आणि पोटातली वस्ती

आमच्या पनवेलच्या हॉस्पिटलात डाएटिशियन रुक्साना मॅडम राउंडला आल्या, की पेशंटचा रिपोर्ट बघायच्या आधी त्याचा डबा उघडायच्या. झाकण काढायचं, वास घ्यायचा, चमच्याने तळापर्यंत ढवळून बघायचं. नातेवाइकांना हे अजिबात आवडायचं नाही. कामोठ्याच्या एका सासूबाईंनी तर डबा पलंगाखाली सारला आणि 'आज आणलाच नाही' म्हणून सांगितलं. मॅडम वाकल्या, डबा बाहेर काढला. "काकी, मेथीची भाजी वाटतं? माशाल्ला. यात लपवायचं काय?"

मी त्या वॉर्डची सिस्टर. आमचं दोघींचं जमलं ते तोंडाळपणामुळे. मॅडम उंचीने बेताच्या, डोक्यावर कायम फिकट ओढणी, आणि चारचौघांत खणखणीत आवाजात विचारायच्या, "पोट साफ होतं का?" मोठमोठे साहेब लोक लाजून खिडकीबाहेर बघायचे. उत्तर मिळेपर्यंत बाई तिथून हलत नसत. आता त्या मस्कतला मुलीकडे असतात आणि वॉर्डात मला त्यांच्यावाचून करमत नाही, हे सांगून टाकते.

"शुगर, वजन, सारखी सर्दी, सगळ्याचे धागे इथे येतात," असं म्हणून त्या पोटावर हात ठेवायच्या. "आत जंतूंची अख्खी वस्ती आहे, सिस्टर. डाळ, भाजी, भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचा खुराक. ते उपाशी राहिले तर आतड्याचं अस्तर कोण सांभाळणार? आणि पहारेकरीच अर्धपोटी असले, तर चोर घुसणारच की." मात्र ताकाने सगळं बरं होतं असं कुणी म्हटलं, की त्यांचा पारा चढायचा. "ताक आहे ते, दुवा नाही."

डबे उघडायचा हा नाद त्यांना पहिल्यापासून नव्हता. आधी त्याही सगळ्यांसारखा छापील तक्ता हातात द्यायच्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारायच्या. बदल झाला तो विचुंब्याच्या भागीबायमुळे.

भागीबाय सत्तरीच्या आसपासची. शुगर वाढलेली, पायाच्या अंगठ्याला जखम. मुलं नव्या बिल्डिंगीत राहायला गेलेली, ही जुन्या घरात एकटी. मॅडमनी तक्ता दिला आणि 'भात बंद' या ओळीवर बोट ठेवून दोनदा बजावलं. भागीबायने मान डोलावली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा शुगर छान खाली आलेली. रिपोर्ट बघून मॅडम खूश झाल्या. पण बाई पार सुकून गेली होती, खोकला थांबत नव्हता, आणि जखम भरायची सोडून पावलाकडे सरकत होती. तिला भरती करून घेतलं. सर्जन म्हणाले, असंच चाललं तर पाऊल वाचवणं कठीण आहे.

"पाय गेला त मना पोरांच्या दारात जाऊन बसावं लागंल," भागीबाय मला म्हणाली. "माजं घर नाय सोडायचं मना."

मॅडम तिच्याजवळ आल्या. "भाकरी खाता ना?"

"एकटीसाटी भाकरी कोन थापनार?"

"मग आमटी, भाजी, मासे?"

भागीबायने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "भात नाय त कालवन कशाशी खाऊ, बाय? तूच बंद केलास ना. चायमधी बेकरीतलं कडक बटर बुडवून खातंय."

मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. त्या घरातलं सगळं जेवण भातावर उभं होतं. तो काढला तशी डाळ गेली, पालेभाजी गेली, मासळीही गेली. शुगर खाली आली होती ती उपासमारीने. अंगात ताकद नाही, पोटातल्या वस्तीला खुराक नाही, जखम भरणार कशाने? मॅडमकडे बघून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून भागीबायचा डबा मॅडमच्या घरून यायला लागला. मूठभर भात, त्यावर भरपूर डाळ, माठाची भाजी, बांगड्याचा तुकडा. डॉक्टरांनी इन्सुलिन त्या बेताने ठरवलं. खोकला हळूहळू गेला, जखम पावलाकडे सरकायची थांबली. अंगठा काढावा लागला, पण पाऊल वाचलं. सर्जननी कौतुक केलं तर मॅडम म्हणाल्या, "तुमची औषधं आणि सिस्टरचं ड्रेसिंग. मी फक्त काढून घेतलेलं परत दिलं."

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "भागीबाय, माफ करा. चूक माझी होती."

मला वाटलं, म्हातारी म्हणेल, जाऊ दे. तिने शांतपणे पदर सारखा केला. "हां, तुजीच चूक. आदी इचारलं असतंस त आदी सांगलं असतं." आणि पायऱ्या उतरायला तिने मॅडमचाच खांदा धरला.

तिला रिक्षात बसवून मॅडम ओपीडीत परत आल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. पहिला आत आला आणि सवयीने तक्त्यासाठी हात पुढे केला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, तो नीट बसेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, "घरी तुमच्याबरोबर जेवायला कोण असतं?"