वांग्यात मीठ टाकलं की नाही

आमची ही गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात मेथी निवडत बसलो होतो. मी तिला विचारलं, चहा झाला का आपला. तिनं हातातली जुडी खाली ठेवली अन म्हणाली, "आता झाला नं. ढाणकीसारखं नका करू." मग दोघंही हसलो. ढाणकी म्हटलं की आमच्या घरात पुढं काही सांगावं लागत नसे. आता घरात ते समजणारं कोणी नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मी आचारी. शाळा तिसरीपर्यंत, ती पण पावसाळा सोडून. लोकांना वाटते आचाऱ्याचं काम म्हणजे चव. चव मागून येते, आधी ध्यान लागते. आम्ही काही मोजत नाही. पाचशे माणसाच्या वरणाला मीठ किती, असं तुम्ही विचारलं तर मला सांगता येणार नाही. गंजापुढं उभं करा, हात आपोआप टाकतो. गंज म्हणजे आमचं मोठं पितळी भांडं, दोन माणसं लागतात उचलायला. पण हाताची एक खोड आहे. तो काम करून मोकळा होतो अन डोक्याला कळवत नाही.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी यवतमाळला एका उस्तादाच्या हाताखाली होतो. त्याला सोडून स्वतःची पहिली ऑर्डर घेतली ती ढाणकीची. तिथल्या एका शेठजीची आई मोठ्या दुखण्यातून उठली, म्हणून गावाबाहेरच्या महादेवाला भंडारा होता. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. आमच्याकडं त्याशिवाय भंडारा होत नाही.

मदतीला माझा साळा नथ्थू, अन आमची ही. लोकांच्या शेतातलं निंदणाचं काम सोडून ती माझ्यासोबत आली होती. ही ऑर्डर फसली असती तर मला उस्तादाच्या दारात अन तिला दुसऱ्याच्या वावरात परत जावं लागलं असतं. शेठजींचे दिवाणजी यष्टी स्टँडवरच आम्हाला बघून म्हणाले की आचारी लय पाह्यले, आचारीण आजच पाह्यली. ही म्हणाली, "मंग आज जेवूनच जा."

आता नियम सांगतो. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आचाऱ्यानं चव घ्यायची नाही. थेंबभरही नाही, नाही तर सगळा स्वयंपाक उष्टा. अन तिकडची पद्धत अशी की आधी पंगतीला पत्रावळीवर सगळं वाढायचं, मग नैवेद्य, मग आरती, मग गजर, की लोक जेवायला लागले. म्हणजे चव घेऊन सुधारायला मध्ये फटच नाही.

वांगी शिजत आली. मी पोत्यातून ओंजळभर खडा मीठ घेतलं अन गंजावर धरलं. नथ्थू लांब दांड्याच्या सराट्यानं भाजी हलवत होता. तो म्हणाला, "आता किती टाकता भाऊजी? मघाच तं टाकलं."

माझे हात तिथंच थांबले.

विचार केला तर मलाही दिसायला लागलं. मी मीठ टाकतो आहे, डोळ्यात धूर जातो आहे, बाजूला ही हसते आहे. अगदी समोर घडल्यासारखं. तरी मनात किडा वळवळला. मी नथ्थूला विचारलं की तू केव्हा पाहिलं. तो म्हणे सामानाच्या गाडीचे बैल पाणी पिऊन राह्यले होते तवा. बैलाला पाणी दाखवलं तेव्हा वरण चुलीवर होतं की वांगे, ते मला आठवेना.

"अरे, वरणात टाकताना पाह्यलं का वांग्यात?"

"मी ओंजळ पाह्यली भाऊजी. गंज कोणता ते महादेवाले माहीत."

ओंजळ तशीच धरून मी पोत्याजवळ गेलो. वाटलं, किती कमी झालं ते तरी दिसेल. पण त्याच पोत्यातून कणीकवाल्यांनी नेलं, ताकवाल्यांनी नेलं, एका म्हातारीनं बैलाला चाटवायला पण नेलं. पोत्याला काय विचारता. तिकडं पत्रावळी मांडणं सुरू झालं होतं.

मी हिच्याजवळ गेलो. ती निखारे सारखे करत होती. हळूच म्हटलं की झाडाआड जाऊन जिभेला लावून पाहतो. तिनं मानेनंच समोर दाखवलं. दिवाणजी बाज टाकून बसले होते, तोंड आमच्याकडं.

"आळणी खाऊ घातलं तं लोक हसतीन," ती म्हणाली. "उष्टं केलं तं मारतीन. अन दोनदा टाकलं तं तेच मीठ आपल्याले चारतीन."

"मंग करू काय? मले तं टाकलेलं दिसून राह्यलं."

"काय दिसून राह्यलं? सगळं सांगा."

मी सांगितलं. धूर, डोळे, तिचं हसणं.

तिनं चुलीकडं बोट केलं. "इथला धूर पाहा कुठं चालला."

धूर सरळ नाल्याकडं जात होता. सकाळपासून वारा तसाच होता. माझ्या डोळ्यात जायचं कारणच नव्हतं.

"मी हसली ते बाभुळगावच्या लग्नात, तुमच्या उस्तादाकडं भांडे घासाले आली होती तवा. तुमच्या दुपट्ट्याचं टोक वरणात पडलं, म्हणून हसली. इथं आल्यापासून हसाले टाईम कोणाले भेटला?"

बरोबर होतं. बाभुळगावचं मीठ माझ्या डोक्यानं आणून ढाणकीच्या गंजात टाकलं होतं. इतके गंज मीठ टाकून झाले की सगळे एकावर एक रचल्यासारखे होतात. वरचा कोणता, खालचा कोणता, कळत नाही.

"मंग आजचं काय ध्यानात हाये?" तिनं विचारलं.

मी गंजाकडं पाहिलं, मग हातातल्या मिठाकडं.

"आंगठा दाखवा."

आंगठा दाखवण्यासारखा होता. सकाळी वांगी चिरताना विळीवर डावा आंगठा चांगला फाटला होता, तिनंच हळद दाबली होती. मीठ मी ओंजळीनं टाकतो, म्हणजे दोन्ही हात आले.

"आता आग होते?"

तेव्हा मला समजलं की आंगठ्याची आग मस्तकात चालली आहे. इतका वेळ घाबरल्यापायी कळलीच नव्हती.

"होते."

"याच्या आंधी?"

अन मला आठवलं. वरणात मीठ टाकताना अशीच चरचरली होती. मी महादेवाच्या पारावर उभा राहून नको ती शिवी दिली होती अन नथ्थू तोंड दाबून हसला होता. त्यानं पाहिलेली ओंजळ ती.

"किती खेपा झाली? एकदा का दोनदा?"

"एकदाच."

"मंग टाका," ती म्हणाली अन रोडग्यांकडं वळली.

मी टाकलं. नथ्थू म्हणाला, "पाहा बरं भाऊजी, मी तं सांगितलं होतं."

वाढणं झालं, नैवेद्य झाला, आरती झाली. एवढी लांब आरती मी पुन्हा कधी ऐकली नाही. नैवेद्याचं पान आधी शेठजींच्या आईनं खायचं होतं. सकाळपासून उपाशी होती बाई. तिनं रोडगा मोडला, वरणात कालवला, दोन घास खाल्ले. मग वांग्याला बोट लावलं. दिवाणजी बाजूला हात बांधून उभे. ती चावत राहिली, दात नव्हते, वेळ लागला.

मग म्हणाली, "दिवाणजी, उभे कायले? वांगे सरायच्या आत बसून घ्या."

दिवाणजींनी तीन वेळा भाजी घेतली. मी गंजामागं बसून बिडी पेटवली. पहिल्या दोन काड्या वाया गेल्या.

पुढं नथ्थू गावोगाव सांगू लागला की भाऊजी मीठ विसरले होते, मीच ध्यान दिलं म्हणून भंडारा वाचला. आधी मी चिडलो. मग पाहिलं तर तो खोटं बोलतच नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. बैलही होते त्यात, पाणी पिणारे.

माझा अनुभव असा. डोकं सुरळीत झालेलं वेगळं ठेवत नाही, चरचरलेलं ठेवते. संसाराचंही तेच. आमची भांडणं मला तारीखवार पाठ आहेत. चांगले दिवस मात्र एकमेकात मिसळून गेले, कोणता केव्हाचा ते निवडता येत नाही. हिला विचारलं की ती निवडून देई.

पण दर ऑर्डरीला आंगठा कापून भागत नाही. भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींच्या वाड्यावर मुक्कामी पाहुण्यांसाठी पिठलं होतं. मी चूल पेटवली, आधण आलं, मीठ टाकलं, अन छपरावरची कबुतरं उडतील एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "मीठ टाकलं वं!"

दिवाणजी दात घासत होते. ते म्हणाले की कोणाले सांगून राह्यला बाबू, गावाले का?

ही पलीकडं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "ऐकलं."