सीडीच्या कोऱ्या बाजूवरचं स्वस्तिक

आमचे विभागप्रमुख पेन ड्राइव्ह गळ्यात घालून फिरायचे. निळ्या दोरीला लटकलेली ती चपटी कांडी शर्टाच्या बटणांवर आपटत यायची, आणि सर व्हरांड्याच्या वळणावर असतानाच मुलं जागेवर बसायची. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आर्वी रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर शिकवायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे सुट्टी लागली की मी त्या कॉलेजची कोणी नाही. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचं. विभागात पेन ड्राइव्ह एकच होता, तोही कॉलेजनं घेतलेला, पण सासऱ्यांनी लग्नात घातलेल्या साखळीसारखा तो सरांच्या छातीवर रुळायचा.

त्यात फ्लॉप्यांची अख्खी पिशवी मावते, एवढी एकच गोष्ट सरांना त्याबद्दल माहीत होती आणि ती ते शिपायापासून संस्थेच्या सचिवांपर्यंत सगळ्यांना ऐकवायचे. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, याच्या आत काय असते?” सरांनी कांडी तळहातावर तोलली आणि म्हणाले, “चिप असते. सील्ड असते. म्हणून त्याले व्हायरस लागत नाई.” दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर सूचना लागली: बाहेरच्या फ्लॉपी व सीडी आणण्यास सक्त मनाई, फक्त विभागाचा पेन ड्राइव्ह चालेल. व्हायरस या विषयावरचं सरांचं संशोधन तिथे पूर्ण झालं.

पण तो चालायचा कुठे? फक्त त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर. बाकी कुठेही लावला की पडद्यावर यायचं, नवीन यंत्र सापडलं आहे, त्याची सीडी द्या. याचंही उत्तर सरांकडे तयार होतं. “त्याले माह्या मशीनची सवय झाली,” असं ते सांगायचे, घरच्या गाईबद्दल सांगावं तितक्या कौतुकानं.

मी समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, कारण तेव्हा मला त्यांच्याशी गोडीनं राहणं भाग होतं. म्हटलं, “सर, दारात कोणीतरी आलंय एवढं कॉम्प्युटरला कळतं, पण त्याच्याशी बोलायचं कसं, ते कळत नाही. ते शिकवणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आपली विंडोज अठ्ठ्याण्णव जुनी आहे, तिच्यात तो नाही. खोक्यात पेन ड्राइव्हसोबत जी छोटी सीडी आली, तिच्यावर आहे. एकेका मशीनमध्ये एकदा टाकला की झालं. तुमच्या मशीनमध्ये खोकं उघडलं त्याच दिवशी मीच टाकला होता.” सरांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सीडी वापरली की खराब होते, मॅडम,” आणि ती लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्याच वर्षी विभागात कायमची जागा निघाली. मला ती हवी होती. किती हवी होती ते सांगायला आज लाज वाटत नाही. बसमध्ये दांड्याला धरून उभी असताना मी स्टाफरूममधल्या कपाटाचा खिडकीकडचा खण मनातल्या मनात माझ्या नावानं करून टाकला होता. मुलाखत दसऱ्यानंतर होती. प्रत्येक उमेदवारानं निवड समितीपुढे प्रोजेक्टर वापरून छोटासा पाठ घ्यायचा. माझ्या मुलांनी जोडलेल्या सर्किटांचे फोटो घालून मी पाठ तयार केला. तो एका फ्लॉपीत मावेना. मी वर्ध्याहून सीडी करून आणली, तर सरांनी दारावरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. शेवटी खुद्द त्यांच्याच केबिनमध्ये, त्यांच्याच देखत, त्याच बाहेरच्या सीडीवरून तो पाठ पेन ड्राइव्हमध्ये उतरवला. त्यात काय फरक पडला ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही, कारण उत्तर आलं असतं.

सभागृहातल्या प्रोजेक्टरच्या मशीनमध्ये ड्रायव्हर नव्हता. म्हणून आदल्या दिवशी मी ती छोटी सीडी मागितली. सरांनी कपाट उघडलं आणि चिमटीत धरून सीडी माझ्या हातात दिली. तिच्या चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवानं काढलेलं, आता वाळून कडक झालेलं ठसठशीत स्वस्तिक होतं. वर हळदीची बोटं, आणि मधोमध चिकटलेल्या अक्षता.

खंडेनवमीला विभागातल्या यंत्रांची पूजा व्हायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही; घरी मीही शिलाई मशीनला फूल वाहते. पण फूल मी सुईत ओवत नाही.

“सर, या बाजूला का काढलंत?” मी विचारलं.

“मंग काय त्या बाजूनं काढू? तिकून तर सगळं इंग्रजी लिहून होतं. पूजेले कोरी बाजू पाहिजे.”

“सर, सगळं याच बाजूला असतं.”

“काई दिसून तर नाई राह्यलं,” सर म्हणाले आणि माझ्या हातातली सीडी घेऊन त्यांनी ती रुमालानं गोल गोल घासली, तांदळासकट. ताटलीवरचा खरकटा डाग काढावा तशी. कुंकू गेलं. त्याच्या जागी ओरखड्यांची वर्तुळं उमटली. मी ती घालून पाहिली. ड्राइव्ह थोडा वेळ खरखरला आणि त्यानं सीडी बाहेर ढकलली. इंटरनेटवरून उतरवून घ्यावं म्हणून वर्ध्याला कॅफेत जाऊन बसले, तर भारनियमन. दिवे आले तेव्हा फोनची लाइन गेलेली होती.

मुलाखतीला माझ्या पाठीमागे, भिंतभर पडद्यावर, तीच मागणी झळकत होती: सीडी द्या. समितीतले बाहेरचे सदस्य वाट बघत होते. मी खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात समितीतच बसलेले सर मान डोलावत म्हणाले, “मॅडमले जमून नाई राह्यलं.” तरी मी खडू घेतला आणि फळ्यावर शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. माझ्यानंतर सचिवांच्या नात्यातला उमेदवार आला. त्याच्याकडे लॅपटॉप होता, तो सरळ प्रोजेक्टरला जोडला गेला. लॅपटॉपमधून व्हायरस येत नाही हा शोध त्याच सकाळी लागला असावा. निवड त्याची झाली. माझ्याबद्दलचा शेरा सरांनीच मला वाचून दाखवला, वर आवाजात सहानुभूतीही कालवली: विषयाची तयारी उत्तम, संगणकाचं ज्ञान अपुरं.

मी ते कॉलेज सोडलं. सावंगीला एका क्लासमध्ये शिकवू लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर सरांचा फोन आला. प्रात्यक्षिक परीक्षेचे बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले होते आणि प्रश्न त्यांच्या पेन ड्राइव्हवर होते. तो दुसऱ्या कंपनीचा, त्यामुळे सरांच्या केबिनमधल्यासकट एकही मशीन तो उघडेना, आणि निवड झालेल्या नव्या सरांच्या लॅपटॉपला ड्रायव्हरची कधी गरजच न पडल्यानं त्यांनाही काही सुचत नव्हतं. “मॅडम, पोरं कवाची बसून हायेत. येजा ना जरा.” फोन आपटायची फार इच्छा झाली. पण ती पोरं मीच अर्धं वर्ष शिकवलेली होती. बऱ्याच कंपन्यांना चालेल असा ड्रायव्हर एव्हाना मी नागपूरला सीताबर्डीतल्या एका दुकानातून फ्लॉपीवर आणून ठेवला होता. ती फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि बस धरली.

दारावर सूचना अजून होतीच. तिच्यासमोरून मी फ्लॉपी हातात उघडी धरून आत गेले. सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी एकेका मशीनवर ड्रायव्हर टाकत गेले आणि त्यापुढची मुलं पटापट कामाला लागत गेली. परीक्षक वयस्कर होते, मुलांच्या मागून ते माझं काम बघत होते. शेवटचं मशीन झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही इथल्याच का?”

“नाही सर. होते.”

“मग सोडलं कशाला? अशा माणसाची तर यांना गरज आहे.” हे बोलताना त्यांनी आमच्या सरांकडे पाहिलं. सर छातीवरच्या दोरीशी चाळा करत उभे होते, आणि माझ्याआधी काहीतरी बोलायला त्यांनी घसा खाकरला. या वेळी मी त्यांना बोलू दिलं नाही.

“मला कॉम्प्युटर येत नाही, सर,” मी म्हटलं आणि पर्स उचलली.