कसलं औषध?

नर्सिंगच्या पोरी हल्ली मला विचारतात, "मॅडम, कॅज्युअल्टीत काम करायला स्वभाव कसा लागतो हो?" त्यांना वाटतं मी सांगेन, शांत, प्रेमळ, सोशिक. डोंबल! यातलं माझ्यात काहीही नव्हतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत मी नळावर भांडायला लागले की शेजारणी दारं उघडून उभ्या राहायच्या. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आईने कपाळावर हात मारला. "हिच्या तोंडाला लगाम नाही, ही पेशंट बरा करणार की पळवून लावणार?" असं ती येईल त्याला सांगायची.

धुळ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मला कॅज्युअल्टीत टाकलं, तेव्हा मी नवी कोरी होते. रक्ताची भीती नव्हती, ओरडणाऱ्या नातेवाइकांची तर मुळीच नव्हती. त्यांच्यापेक्षा माझाच आवाज मोठा. भीती होती ती एका शब्दाची. तो शब्द म्हणजे औषध.

हसू नका. आमच्याकडे कपाशीवर फवारतात त्याला औषधच म्हणतात. विष कुणी म्हणत नाही. कुणी हळू आवाजात म्हणालं, "अमक्याच्या सुनेनं औषध घेतलं," तर समोरच्याने पुढे काही विचारायचं नसतं, त्याने समजून घ्यायचं असतं. फवारणीच्या दिवसांत अशी माणसं सारखी यायची. जीप दारात थांबली आणि तो शब्द कानावर पडला, की आमचे हात आपोआप कामाला लागायचे. पोट धुवायची नळी, बादली, इंजेक्शन, आणि नातेवाइकांना पहिला प्रश्न, "डबा आणलाय का?" डब्यावरून कळायचं, कोणतं विष पोटात गेलंय ते.

फवारणीचा एक हंगाम मी काढला, आणि उन्हाळ्यात एके दिवशी भर दुपारी पारोळा रस्त्यावरच्या एका खेड्यातून जीप आली. मागच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई आडवी होती. घामाने लुगडं चिंब, तोंडातून लाळ, हातपाय बर्फासारखे गार. सोबत नवरा, सासू आणि दीर. दीर पोरगेलासाच होता, तो उतरताउतरताच ओरडला, "वहिनीनं औषध लिधं हो!"

झालं. स्ट्रेचर आत. मी तिच्या गालावर चापट्या मारत विचारलं, "ए बाई, इकडे बघ. औषध घेतलंस का?"

तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. हो.

"कोणतं?"

तिने डोळे मिटून घेतले. मी खूप बघितले होते असे डोळे मिटणारे. मरायला निघालेली माणसं नाव सांगत नाहीत.

नळी घातली. पोट धुतलं. आमच्या मोठ्या सिस्टर, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, बादलीवर वाकल्या. "वास नाही गं," म्हणाल्या. त्या औषधांचा वास असा असतो की साडी बदलली तरी नाकातून जात नाही. पाण्यात नुसता हिरवा चोथा उतरला होता. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले. "विषाने होतात तशा बाहुल्या बारीक नाहीत," ते पुटपुटले. "पण औषधं काय एकाच जातीची असतात!" विषावरचं इंजेक्शन भरून तयार होतं. ते हातात धरून डॉक्टर थांबले आणि मला म्हणाले, "डबा माग त्यांच्याकडे. पळ."

मी बाहेर आले तर काय, रणांगण! जीपची वाट बघतानाच दिराने कुणाला तरी पारोळ्याला पिटाळलं होतं, मुलीच्या बापाला सांगायला. तो मिळेल त्या ट्रकने येऊन पोचलाही होता. उंच, काटक माणूस, धापा टाकत होता, आणि त्याने जावयाची कॉलर धरली होती. "काय करं तुम्ही मन्ही पोरनं? काय करं?" एवढंच तो पुन्हा पुन्हा ओरडत होता. जावई नुसते हात जोडत होता. दवाखान्याच्या चौकीतला हवालदार जवळ येऊन उभा राहिला होता. बघ्यांनी तर सासूला आरोपी ठरवूनही टाकलं होतं.

माझं डोकं फिरलं. आत ती मरतेय आणि यांचा तमाशा! मी सरळ सासूपुढे जाऊन उभी राहिले. "डबा कुठाय? घरात ठेवून आलात ना? लपवलात ना?"

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती ताडकन उठली. "कसाना डबा? मीच दिधं तिले औषध! वाटीमा!"

आई शप्पथ सांगते, सगळा व्हरांडा तिच्याकडे वळला. बापाचा हात कॉलरवरून सुटला. हवालदाराने टोपी नीट केली आणि एक पाऊल पुढे टाकलं. सुनेला विष पाजणाऱ्या सासवा मी ऐकल्या होत्या, पण चारचौघांत छातीवर हात मारून सांगणारी? अशी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. आणि तिच्या चेहऱ्यावर लाजलज्जा काही नाही, उलट तीच माझ्यावर चिडलेली!

बरं झालं, माझ्या जिभेला गप्प बसायची सवय नव्हती. मी तिच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "कसलं औषध गं माय? कसलं दिलंस?"

"इच्चूनं!" ती किंचाळली. "इच्चू चावना ना तिले, सकायलेच! पाला वाटीसन पाजा मी!"

विंचू! कपाशीच्या वाळक्या काड्या उचलताना पायाला डसला होता, सासूने पाला वाटून पाजला होता. यांच्या तोंडी ते औषध, आणि आमच्या कानी ते विष. दिराने घाबरून तेवढंच सांगितलं होतं.

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारं का?" म्हातारी म्हणाली. खरंच की, कुणीच विचारलं नव्हतं.

मी आत धावले. डॉक्टरांच्या हातात सुई तशीच होती. "सर, विंचू!" एवढंच ओरडले. त्यांनी इंजेक्शन टाकूनच दिलं. ते टोचलं असतं तर तिचं हृदय आणखी बिथरलं असतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं आणि सांगताना ते स्वतःच खुर्चीत बसले. अक्कांनी टाचेवरचा डंख शोधून काढला. बीपीची गोळी दिली, ऑक्सिजन लावला. तरी ती बिघडतच गेली, छातीत पाणी झालं, ओठ निळे पडले. विंचवाने माणूस मरतो यावर तोवर माझा विश्वासच नव्हता.

मी बापाला बोलवायला गेले. म्हटलं, "नाना, आत या. पोरीजवळ बसा." तो टोपी सारखी करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "इच्चूच शे ना? उतरी जाई." आणि स्टँडच्या रस्त्याला लागला. मी बघतच राहिले. आत्ता पोरीसाठी माणूस फाडायला निघालेला बाप, आणि हा? मी मागून हाक मारली, "अहो नाना, ती जगेल की नाही सांगता येत नाही!" त्याने ऐकलं असणार. वळला नाही.

पुढे सासूच माझ्याशी सगळं बोलली. ती सुनेचे तळवे चोळत बसली होती, उठायला तयार नव्हती. लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं, तेव्हापासून बापाने या घराचं तोंड बघितलं नव्हतं. दोन आखाज्या गेल्या, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींनी माहेरी जायचा सण. गावातल्या बाकीच्या सुनांना न्यायला माहेरचे येत, झोके बांधले जात, आणि ही दारात उभी राहून रस्त्याकडे बघायची. यंदाही कुणी आलं नाही, म्हातारी म्हणाली, आणि स्वतःच पदराने डोळे पुसले. अशा बाईला आम्ही जवळजवळ बेड्या घालणार होतो.

पोरगी वाचली. छातीतलं पाणी ओसरलं, ओठांवर रंग आला, भात मागू लागली. मग मात्र माझा राग उफाळून आला. मी वॉर्डात गेले ती तिला झापायलाच. "काय गं, तू तर शुद्धीत होतीस! मी विचारलं तेव्हा मान हलवलीस. विंचू म्हणायला काय झालं होतं? भलतीच सुई टोचली असती तर मेली असतीस ना!"

ती शांतपणे म्हणाली, "औषध तं लिधंच व्हतं. खोटं काय सांगं मी?"

"आणि कोणतं म्हणून विचारलं तेव्हा?"

ती उशीच्या अभ्र्याची कड ओढत राहिली. मग म्हणाली, "इच्चू चावना म्हनीसन मन्हा बाप येता का?"

मी खाटेच्या कडेवर बसले. म्हणजे दिराने माणूस पारोळ्याला पाठवला ते तिने ऐकलं होतं. काय सांगून पाठवला तेही ऐकलं होतं. विंचू म्हटलं असतं तर बाप आला नसता, औषध म्हटल्यावर आला असता. तेवढ्यासाठी ही पोरगी घशात नळी घालून घेत होती, मरत होती आणि तोंड मिटून होती. कॅज्युअल्टीत मी तुटलेले हात बघितलेत, जळलेली तोंडं बघितलीत. इतकी हादरले नव्हते कधी.

"बाप भायेर बसेल शे ना?" तिने विचारलं. डोळे दाराकडे.

तोंडाला लगाम नसलेली मी. म्हटलं, "चहा प्यायला गेलेत."

तिने माझा चेहरा वाचला. मग हळूच म्हणाली, "इच्चू समजना, तवयच गया का?"

मी मान हलवली. हो.